'लाइन' या शब्दाची मराठीतली बिऱ्हाडे

मराठीत इंग्रजी शब्द किती घुसले याची तक्रार आपण सर्वच जण करतो, आणि ती करतानाही दोन-चार इंग्रजी शब्द वापरल्यावाचून आपले भागत नाही. या वादात दोन पक्ष आहेत. परका शब्द दिसला की त्याला दाराबाहेर काढावे असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याच्या मते भाषा ही वाहती नदी आहे, येईल ते येऊ द्यावे. दोन्ही पक्ष घाऊक बोलतात, आणि घाऊक बोलणाऱ्याला एकेका दाण्याची पारख करावी लागत नाही. म्हणून या दिवाळीत वाचकांसमोर एकच दाणा ठेवतो. शब्द आहे 'लाइन'. तो शिकलेल्यालाही येतो आणि अंगठा उठवणाऱ्यालाही येतो. आमच्या आळेफाट्यावर तर दिवसातून शंभर वेळा कानांवर पडतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो.

साध्या शब्दांनी पुष्कळ अर्थ अंगावर वागवावेत ही इंग्रजीची जुनी रीतच आहे. १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद कोणा जडजंबाल शब्दाची नव्हती. ती 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची होती. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाल्यावर 'रन' या शब्दाने त्यालाही मागे टाकले. 'लाइन' हा याच जातीचा. मात्र त्याचे इंग्रजीतले अर्थ इंग्रजांनी मोजावेत. आपण पाहायचे ते हे, की मराठीच्या वाड्यात त्याने कोठे कोठे बिऱ्हाड केले, कोणती खोली रिकामी होती म्हणून घेतली, आणि कोठे राहत्या माणसाचे सामान बाहेर काढले.

प्रथम त्याचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत जवसाला म्हणजे अळशीला 'लिनुम' म्हणत. त्या झाडाच्या वाखाचा दोरा ती 'लिनेआ'. 'लिनन' कापड आणि 'लाइन' ही अशी एकाच घरातली भावंडे. ताणलेला दोरा हा या शब्दाचा मूळ अर्थ. सरळ रेघ, रांग, मार्ग हे सगळे मागाहून आलेले. गंमत अशी, की हा मूळ अर्थ आमच्या गवंड्याच्या हातात अजून जिवंत आहे. भिंतीचा थर सरळ यावा म्हणून तो दोन टोकांना खिळे मारून जो दोरा ताणतो, त्याला तो 'लाइनदोरी' म्हणतो. ओळंबा उभ्या मापासाठी, लाइनदोरी आडव्या मापासाठी. आपल्याकडे हेच काम 'सूत्र' या शब्दाने केले. सूत्र म्हणजे दोरा. सूत्रधारावरून सुतार झाला. 'सुतासारखा सरळ' हा वाक्प्रचार त्याच दोऱ्यावर लटकतो. दोन दूरच्या भाषांना सरळपणाची कल्पना दोऱ्यावरूनच सुचली. तेव्हा 'लाइन' आपल्याकडे आली ती अगदीच परक्या मुलखातून आली असे म्हणवत नाही.

ती आली मुख्यतः तीन वाटांनी. एक छावणीची वाट. शिपायांच्या खोल्या एका ओळीत बांधत, त्या 'लाइनी' झाल्या. मुंबईचे मरीन लाइन्स हे नाव अशाच एका पलटणीच्या वस्तीवरून पडले, आणि तालुक्याच्या गावची 'पोलीस लाइन' त्याच रीतीची. दुसरी वाट रेल्वेची. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली आणि लोखंडी रुळांबरोबर रुळांचे शब्दही पसरले. तिसरी वाट तारेची, मग टेलिफोनची, मग विजेची. या तिन्ही वाटा सरकारी होत्या हे लक्षात ठेवावे. पण शब्द सरकारी दारातून आला म्हणून सरकारीच राहतो असे नाही.

शब्द घरचा झाला की नाही हे व्याकरण सांगते. आपण 'लाइन' स्त्रीलिंगी केली. असे करा म्हणून कोणी हुकूम काढला नव्हता. ओळ, रांग, रेघ, रेषा, वाट या तिच्या नात्यातल्या सगळ्या बायकाच आहेत, म्हणून तीही त्यांच्यात जाऊन बसली. गाडीमुळे 'बस' स्त्रीलिंगी झाली, तसेच हे. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. शहरातला सुशिक्षित 'लाइनमध्ये' म्हणतो, आमचा शेतकरी 'लाइनीत' म्हणतो. 'लाइनमध्ये' म्हणताना शब्द पाहुणा असतो. त्याचे अंग न मोडता आपण त्याला बाहेरून प्रत्यय चिकटवतो. 'लाइनीत' म्हणताना त्याला मराठी वळण लागलेले असते. 'जमीन' हा फारसी शब्द. त्याचे आपण 'जमिनीत' केले, आणि आज तो परका आहे असे सांगितले तर आमचा शेतकरी हसेल. 'लाइन' त्याच पायवाटेने चालली आहे, आणि तिला त्या वाटेने नेणारा माणूस अडाणी समजला जातो! भाषेचे खरे काम करणाऱ्याला हिणवायचे आणि पाहुण्याला कायम पाहुणाच ठेवणाऱ्याला शुद्ध म्हणायचे, हा न्याय काही बरा नव्हे.

आता फाट्यावर येऊ. पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता येथे एकमेकांना छेदतात. जुन्नर बाजार समितीच्या येथल्या उपबाजारात कांद्याचा लिलाव असला की गाड्यांची लाइन लागते. ही लाइन म्हणजे रांग. कोणी विचारतो, "लाइन आहे का रे?" तो विजेबद्दल विचारत असतो. घरातला दिवा गेला तर माणूस "लाइट गेली" म्हणतो. तोच माणूस शेतातल्या डीपीपाशी गेला की "लाइन बंद आहे" म्हणतो. तार तुटली तर वस्तू तुटली. लाइन गेली म्हणजे खांबापासून मोटारीपर्यंतचा सगळा व्यवहार थांबला. हा फरक कोणत्याही कोशाने शिकवलेला नाही. कामाने शिकवला. तिसरा सांगतो, "नदीवरून लाइन आणलीय." ही पाण्याची. पाइपलाइनमधला 'पाइप' गळून पडला, आणि मुलगी द्यायच्या घरी 'लाइन आहे' एवढे कळले तरी पुरते. रानाला पाणी आहे, घराला कर्जही असेल, पण माणूस उद्योगी आहे, इतके सगळे त्या एका शब्दात येते.

चौथी लाइन आगगाडीची. पुणे-नाशिक रेल्वेचे बोलणे या भागात वर्षानुवर्षे चालू आहे. लाइन मात्र अजून बोलण्यातच आहे. आणि पाचवी लाइन आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. नारायणगावाजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे आकाशाकडे तोंड करून असतात. आकाशातला हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. त्याला शास्त्रज्ञ हायड्रोजनची 'लाइन' म्हणतात, मराठीत 'वर्णरेषा'. ही खूण मिळेल असे भाकीत १९४४ साली झाले, आणि १९५१ साली ती प्रत्यक्ष सापडली. खोडदची दुर्बीण अशा खुणांचाही माग घेते. योगायोग असा, की दुर्बिणीला बाधा येईल या कारणाने रेल्वेची मूळ आखणी अडली. म्हणजे आकाशातल्या लाइनीने जमिनीवरची लाइन अडवली! एका शब्दाचे दोन अर्थ एका तालुक्यात असे समोरासमोर उभे राहिलेले मी तरी दुसरे पाहिलेले नाहीत.

येथे एक प्रश्न येतो. वर सांगितलेल्या वस्तू नव्या होत्या म्हणून शब्दही नवा आला, हे कोणीही मान्य करील. पण रांगेला 'लाइन' म्हणायचे काय कारण होते? 'रांग' हा शब्द आपल्याकडे होताच. मला वाटते, कारण आहे, आणि ते भाषेपेक्षा समाजात शोधायला हवे.

आपल्याकडे माणसे एका ओळीत बसत ती मुख्यतः पंगतीला. 'पंगत' हा 'पंक्ती'चा मुलगा. पंगतीत कोणी कोठे बसायचे, कोणी वेगळे बसायचे, कोणी बसायचेच नाही, हे जन्मावरून ठरलेले असे. भेदभावाला आपण 'पंक्तिप्रपंच' म्हणतो, यातच सारे आले. पाणवठ्यावर तर काहींना रांगेतही जागा नव्हती. त्यासाठी १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. अशा समाजात तिकिटाच्या खिडकीपुढे, रेशनच्या दुकानापुढे, दवाखान्यापुढे एक नवी ओळ लागली. तिचा नियम एवढाच, की आधी आला तो आधी. पाटील मागे, मजूर पुढे, असे होऊ शकते हे प्रथम त्या ओळीत दिसले. ही ओळ पंगतीहून वेगळी आहे हे लोकांनी ओळखले, आणि तिला नावही वेगळे राहू दिले. लाइनीत घुसणारे असतात, ओळखीवर मागच्या दाराने जाणारे असतात, हे खरे. पण घुसणाऱ्याला "लाइनीत ये" म्हणून दटावण्याचा हक्क आज शेवटच्या माणसालाही आहे. पंगतीत तो नव्हता.

दुसरे उदाहरण याहून मोलाचे आहे. "पोरगा कोणत्या लाइनीत आहे?" असे आपण विचारतो. ड्रायव्हर लाइन, सायन्स लाइन, सिनेमाची लाइन. 'धंदा', 'पेशा', 'व्यवसाय' हे शब्द असताना हा शब्द कशाला? बलुतेदारीच्या गावगाड्यात कुंभाराचा मुलगा कुंभार आणि लोहाराचा लोहार. त्याला कोणती लाइन घेतलीस असे विचारण्यात अर्थच नव्हता. तो जन्माला आला तेव्हाच ते ठरले होते. लाइन घेता येते, सोडता येते, बदलता येते. रुळांचा सांधा बदलावा तशी माणसाने आयुष्याची दिशा बदलावी, ही कल्पना या शब्दाच्या पोटात आहे. शाळा सोडून जाणारा मुलगा "सर, मी लाइन बदलली" असे सांगतो, तेव्हा तो नुसता इंग्रजी शब्द वापरीत नाही. आपल्या आजोबाला जे सांगता आले नसते ते सांगतो. 'लाइनीला लागणे' याला आपला 'मार्गी लागणे' हा सुंदर प्रयोग आहे, आणि तो जरूर वापरावा. पण 'लाइन बदलणे' या प्रयोगाला काढून टाकायला निघालेल्या भाषाशुद्धीवाल्याने आधी त्यातला हा अर्थ ठेवायला दुसरे भांडे आणावे.

इतके बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ती मांडली नाही तर ही वकिली होईल, परीक्षण होणार नाही.

वर्गात फळ्यावर शीर्षक लिहिले की मुले विचारतात, "सर, खाली लाइन मारू?" आणि मागच्या बाकावर खसखस पिकते. 'लाइन मारणे' याचा तरुणांतला अर्थ कोणाला सांगायला नको. पण हसू ओसरल्यावर मास्तराला वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. 'रेघ' मेली म्हणून. आमच्याकडे एकरेघी वही होती, दुरेघी होती, चाररेघी होती. आज दुकानात मुले 'सिंगल लाइन', 'डबल लाइन' मागतात. कवितेच्या ओळीही 'लाइनी' झाल्या. चित्रकार ओढतो ती रेषा, पाटीवरची रेघ, पुस्तकातली ओळ, माणसांची रांग, फुलांचा हार, डोंगरांची माळ, जेवणाऱ्यांची पंगत, या साऱ्या वेगवेगळ्या वस्तू आपण वेगवेगळ्या नजरेने पाहिल्या होत्या. एका 'लाइनी'त त्या उभ्या केल्या की नजर बोथट होते. रानात तर याहून वाईट. नांगराने पडते ते तास, उसासाठी पाडतात ती सरी, खुरपणाऱ्या बायका वाटून घेतात ती पात. पात धरलेली बाई आपली पात संपवून शेजारणीच्या पातीला हात लावते. त्या शब्दात कामाची वाटणीही आहे आणि सोबतही आहे. 'माझी लाइन झाली' असे म्हणताच वाटणी उरते, सोबत जाते. येथे 'लाइन' रिकाम्या खोलीत आली नाही. ती राहत्या घरात शिरली, आणि घरधनिणीला तिने ओसरीवर काढले.

मग कसोटी कोणती? परका शब्द बाहेर काढण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत, आणि थोरांनी केलेले आहेत. ज्यांचा जन्म आमच्याच तालुक्यात शिवनेरीवर झाला, त्या छत्रपतींनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांकडून 'राजव्यवहारकोश' करवून घेतला. फारसी-अरबी वळणाच्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि १९३८ साली त्यांनीच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. फारसी इतकी जाणणारा माणूस शुद्धीकडे वळला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सावरकरांनी दिलेले दिनांक, क्रमांक, महापौर, दिग्दर्शक हे शब्द आज त्यांचा पक्ष न मानणारेही वापरतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश आला, आणि त्या काळी 'बदनाम कोश' म्हणून त्याची थट्टाही झाली. थट्टा झालेल्या त्या कोशातलेही पुष्कळ शब्द आज सरकारी कचेऱ्यांत सुखाने नांदत आहेत.

या साऱ्या इतिहासातून मला एवढेच दिसते, की जो शब्द वस्तू नीट दाखवतो तो टिकतो. जो वस्तूवर पांघरूण घालतो तो टिकत नाही. खांबावर चढून जिवाच्या जोखमीने तारा जोडणाऱ्याला वीज कंपनीने 'जनमित्र' असे गोड नाव दिले आहे. हेतू चांगला असेल. शब्द तर अस्सल मराठी आहे. पण त्यात ना खांब दिसतो, ना तार, ना तो माणूस कोठे उभा आहे ते. आमचा गावकरी त्याला 'वायरमन'च म्हणतो, कारण त्यात निदान तार तरी दिसते. शुद्ध शब्द खोटा असू शकतो आणि परका शब्द खरा असू शकतो, हे मान्य केल्यावाचून भाषाशुद्धीची चर्चा पुढे सरकणार नाही.

'वीजपुरवठ्याचे वेळापत्रक' हे शब्द किती स्वच्छ! पण जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, आणि "लाइन रात्रीची आहे" याचा अर्थ येथे असा होतो, की घरातला कर्ता माणूस आज अंधारात बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणार, आणि बायको तो परत येईपर्यंत जागी राहणार. दिवसा वीज द्या ही मागणी येथे का होते, ते वेळापत्रक या शब्दावरून कळत नाही. 'रात्रीची लाइन' यावरून कळते. लेखकाने कोणता शब्द घ्यावा?

आम्हां कादंबरी लिहिणाऱ्यांचा दोष मी येथेच दाखवू इच्छितो. मर्ढेकरांनी १९४७च्या 'काही कविता'त यंत्रयुगाचे इंग्रजी शब्द गांभीर्याने कवितेत आणले. नेमाड्यांच्या 'कोसला'त, १९६३ साली, महाविद्यालयातल्या मुलाची मिश्र बोली कथनाचीच भाषा झाली. पण खेड्यावर लिहिताना अजूनही पुष्कळदा खेडुताच्या तोंडी इंग्रजी शब्द घातला जातो तो हशा पिकवण्यासाठी. 'लायनीत' असे मोडके लिहिले की वाचक हसतो, आणि लेखक पुढे जातो. त्या शब्दात रात्रपाळीचे पाणी आहे, बदललेले नशीब आहे, हे बाजूला राहते. आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले अशी कथा आहे, तो येथे विसावला असे मानतात. कथेचे तात्पर्य साधे आहे. ज्याच्या तोंडाला आपण हसतो, त्याच्या तोंडून काय निघते ते आधी ऐकावे.

सध्या 'लाइन' हिची धाकटी बहीण जोरात आहे: 'ऑनलाइन'. सातबारा ऑनलाइन, अर्ज ऑनलाइन, पैसे ऑनलाइन. रांगा बंद व्हाव्यात म्हणून ही व्यवस्था आली, आणि 'ऑनलाइन करायला' माणसे सेवा केंद्रापुढे लाइन लावून उभी राहतात. येथे शब्दाची चेष्टा करण्यासारखे काही नाही. त्याने व्यवस्थेचीच चेष्टा केली आहे.

तेव्हा माझा निवाडा असा. वीज, पाणी, रूळ, गवंड्याचा दोरा येथली 'लाइन' राहू द्यावी. आधी आला तो आधी, आणि हवी ती वाट धरावी, हे सांगणारी 'लाइन' तर मानाने राहू द्यावी. रेघ, ओळ, रेषा, सरी, पात यांच्या घरात मात्र तिला शिरू देऊ नये. ते काम सरकारचे नाही. ते आईचे आहे, मास्तराचे आहे, आणि लिहिणाराचे आहे.

यात निराश होण्याचे कारण नाही. 'ओळ' हा शब्द संस्कृत 'आवलि'पासून आला. रंगांची आवली ती रांगोळी, दिव्यांची आवली ती दिवाळी. घरोघरच्या मुलींना आज एवढेच सांगावे, की उंबरठ्याबाहेर जी रेघ ओढता, आणि तिच्या कडेने ज्या पणत्या ठेवता, ती ओळ आहे. तिला ओळच म्हणा.